भुंगा वासा खात नाही

पडवीच्या वाशाला करंगळी जाईल एवढं गोल भोक, खाली भुशाचा सडा आणि भोवती घोंघावणारा काळाकुळकुळीत, निळ्या पंखांचा भुंगा. एवढं दिसलं की घरात दोन मतं पक्की होतात : हा घर खाणार आणि कुणाला तरी डसणार. मग फवारणी, नाहीतर झाडू.

लाकूड खाते ती वाळवी. भुंगा ते नुसतं कोरतो; पोट भरतं मकरंद आणि परागांवर. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कोरडं लाकूड पोखरणारा भ्रमर येतो. निरीक्षण अचूक आहे, कारण त्याला वाळकं लाकूड किंवा बांबूच लागतो. फक्त पोखरणारा ‘तो’ नसून ‘ती’ असते. मादी आत बोगदा काढते, पराग मकरंदात मळून गोळा ठेवते, त्यावर एकच अंडं घालते, भुशाच्या लगद्याने भिंत लिंपते आणि पुढच्या खोलीला लागते. एखाद्या बोगद्याने वासा मोडत नाही. वर्षानुवर्षं एकाच तुळईत बोगदे वाढत गेले तर मात्र लाकूड पोकळ होतं. ती तक्रार खरी.

डसण्याची गंमत वेगळीच. तोंडासमोर येऊन तरंगणारा, अंगावर धावून येणारा बहुधा नर असतो. तो आपली हद्द राखत असतो आणि त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण हातात धरल्याशिवाय ती सहसा मारत नाही. आग्या मोहोळासारखी फौजही इथे नाही. राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचं पोळं नाही. फार तर आई आणि लेकी एका बोगद्यात नांदतात.

मोबाइलवर याच भुंग्याचा फोटो ‘बंबलबी’ म्हणून फिरतो. ती केसाळ माशी भारतात भेटते हिमालयात. काम मात्र दोघांचं सारखं. वांग्याच्या फुलात पराग टोकाच्या बारीक छिद्रांतून सुटतात. भुंगा परागकोशांना मिठी मारून अंग थरथरवतो आणि पराग त्याच्या पोटावर सांडतात. सातेरी मधमाशीला हे जमत नाही. कधी कधी तो फुलाला बुडाशी चीर पाडून फुकटचा मकरंदही ओढतो, हेही सांगायला हवं.

सूर्य मावळला की भुंगा कमळात कोंडला जातो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. भीमाशंकरच्या जंगलातली एक जात मात्र अमावास्येच्या काळोखातही फुलं शोधते. संशोधक हेमा सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये हे प्रसिद्ध केलं. तिथल्या वारस या झाडाच्या फुलांचं परागीभवन भुंगे रात्रीच करतात.

भोक बुजवायचंच असेल तर आतली पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा, मग लांबी भरून रंग द्या. रंगवलेल्या लाकडाकडे मादी सहसा फिरकत नाही. तिच्या घरट्यासाठी बागेत सावलीला, पाऊस लागणार नाही अशा जागी, एका टोकाला पेर असलेला वाळका बांबू आडवा बांधून ठेवा.