दिवसाकाठी पाणी किती प्यावे?

मुलांना निवासी शाळेत ठेवून गावी परतताना पालक जेवणाची, अभ्यासाची, अंथरूण-पांघरुणाची चौकशी करतात. त्यातच ‘पाणी नीट पितो ना?’ हाही प्रश्न असतो. प्रश्न साधा दिसतो. पण नीट म्हणजे किती, याचे उत्तर तितके साधे नाही. रोज आठ ग्लास हा नियम सर्वतोमुखी झाला आहे. अलीकडे तर दिवसाला चार-पाच लिटर पाणी पिण्याचे सल्लेही मोबाइलवरून फिरत असतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने या विषयाचा जरा सविस्तर विचार करावा, असे आम्हाला वाटले.

आठ ग्लासांच्या नियमाचे मूळ बहुधा १९४५ साली अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने केलेल्या शिफारशीत आहे, असे मानले जाते. प्रौढ माणसाला साधारणपणे दिवसाला अडीच लिटर पाणी लागते, असे त्या मंडळाने म्हटले होते. पण त्यातील बराचसा भाग शिजवलेल्या अन्नातूनच मिळतो, असेही लगोलग नमूद केले होते. आकडा लोकांच्या लक्षात राहिला, पुढचे वाक्य मात्र मागे पडले. २००२ साली मूत्रपिंडाच्या कार्याचे अभ्यासक हाइन्झ व्हाल्टिन यांनी उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा समशीतोष्ण हवामानात बैठे जीवन जगणाऱ्या निरोगी प्रौढांनी आठ ग्लास प्यायलेच पाहिजेत, याला शास्त्रीय आधार त्यांना आढळला नाही.

शरीरातील पाणी लघवी, घाम, श्वास आणि शौच यांवाटे बाहेर पडते. ते भरून काढण्याचे काम केवळ ग्लासातले पाणी करीत नाही. भात, वरण, भाजी, ताक, दूध, फळे या सर्वांत पाणी असते. शिजलेल्या भाताच्या वजनापैकी दोन तृतीयांश भाग पाण्याचाच असतो. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली दिलेल्या प्रमाणानुसार अन्नपाण्यातून मिळून पुरुषांना अडीच लिटर, स्त्रियांना दोन लिटर, तर ९ ते १३ वर्षांच्या मुलांना २.१ व मुलींना १.९ लिटर पाणी पुरेसे असते. यातील अन्नाचा वाटा वजा केला, तर या वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे दीड लिटर पेये लागतात. अर्थात हे प्रमाण सौम्य हवामानातले आहे. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात किंवा मैदानावर खेळताना गरज बरीच वाढते.

पाणी कमी पडले की डोके दुखते, थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. दीर्घकाळ असेच चालले तर मुतखड्याचा धोका वाढतो. परंतु मुले पाणी कमी पितात ती नेहमीच आळसाने नव्हे. शौचालय अस्वच्छ असेल, दाराला कडी नसेल, वर्ग चालू असताना बाहेर जाण्याची परवानगी मागायला संकोच वाटत असेल, तर मूल, विशेषतः मुलगी, तहान मारून बसते. ऊसतोडीच्या फडात आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या आपल्या मायभगिनी आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळतात, त्यामागचे कारणही हेच. त्यामुळे मुलीला ‘पाणी पीत जा’ असे सांगण्याआधी शौचालयाच्या दाराची कडी पाहणे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

दुसऱ्या टोकालाही धोका आहे. निरोगी प्रौढाची मूत्रपिंडे तासाला साधारण ८०० मिलिलिटर ते एक लिटर एवढेच पाणी बाहेर टाकू शकतात. थोड्या वेळात त्याहून पुष्कळ अधिक प्यायल्यास रक्तातील सोडियम पातळ होते, मेंदूला सूज येते; मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा आणि पुढे झटके येऊ शकतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता सुमारे १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले. घामातून गेले त्याहून अधिक द्रव पिणे, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. २००७ साली कॅलिफोर्नियात पाणी पिण्याच्या एका स्पर्धेनंतर एका तरुण मातेचा मृत्यू झाला. म्हणून जास्त पाणी पिण्याची पैज मुलांनी कधीही लावू नये.

उन्हात कष्ट करणाऱ्यांनी दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेलाभर पाणी प्यावे. तासाभरात मात्र दीड लिटरच्या आत राहावे. घामासोबत मीठही जाते, म्हणून नुसत्या पाण्यावर न राहता वेळेवर जेवावे, मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबत घ्यावे. जुलाब-उलट्यांमध्ये ओआरएस हाच आधार. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या मिश्रणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवावे. मीठ यापेक्षा वाढवू नये.

काहींसाठी नियम वेगळे आहेत. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाखेरीज वरचे पाणी देऊ नये. वृद्धांना तहानेची जाणीव कमी होते, म्हणून त्यांना आठवणीने पाणी द्यावे. स्तनदा मातांना अधिक पाणी लागते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रमाण मोडू नये.

इतरांसाठी मोजपट्टी शरीरानेच दिलेली आहे. तहान लागली की प्यावे, आणि लघवीचा रंग पाहावा. फिकट पिवळा रंग असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद असेल तर वाढवावे. सतत पाण्यासारखा नितळ असेल तर आणखी पिण्याची गरज नाही. मुलांना ग्लास मोजायला लावण्यापेक्षा वर्गाजवळ भरलेला माठ, कडी लागणारे स्वच्छ शौचालय आणि न विचारता तिथे जाण्याची मोकळीक, एवढे आपण त्यांना देऊ या. मग पाणी किती प्यावे, हे त्यांची तहानच त्यांना सांगेल.