शंट, टाळू आणि मेंदूचा दाब

दौंड ते पुणे रेल्वेने साधारण 75 किलोमीटर. शंट बसवलेल्या मुलाला सकाळी उठताच उलटी झाली, तर ही वाट लगेच धरायची की दुपारपर्यंत बघायचे, हा घरच्यांपुढचा खरा प्रश्न. आता कवटीला छिद्र न पाडताही मेंदूचा दाब कळतो, असे कानावर येऊ लागले आहे. त्यात तथ्य आहे, पण ऐकीव गोष्टींची भरही बरीच पडली आहे.

"नळी बसवली, आता कायमची काळजी मिटली."

ऑपरेशननंतर मूल हसू-खेळू लागते, म्हणून असे वाटणे साहजिक आहे. शंट म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांत साचणारे पाणी कातडीखालून पोटात सोडणारी, झडप असलेली नळी. ती तुंबते, तुटते, मूल वाढले की तोकडीही पडते. उत्तर अमेरिका आणि युरोपातील 344 मुलांवर झालेल्या, 1998 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्याच वर्षात सुमारे 40 टक्के शंट निकामी झाले होते. झडप कोणत्या प्रकारची, याने फारसा फरक पडला नाही.

"डोक्याला यंत्र लावले की ताप मोजावा तसा दाब कळतो."

बाहेरून दाब जोखण्याची पद्धत आपल्या घरात जुनीच आहे. बाळाची टाळू भरताना आजीच्या बोटांना ती फुगीर, ताठ लागते, तेव्हा बोटे दाबच जोखत असतात. बाळ शांत आणि बसते असतानाही टाळू तशीच लागली, तर ते दाखवायलाच हवे. दीड-दोन वर्षांत टाळू बुजते आणि ही खिडकी बंद होते. मग डोळ्याच्या सोनोग्राफीचा आधार घेतला जातो. दाब वाढला की दृष्टीच्या नसेभोवतीचे आवरण फुगते. मुलांत त्याची रुंदी साधारण 4.5 ते 5 मिलिमीटरच्या पुढे गेली की संशय येतो. पण दाब दीर्घकाळ सोसलेल्या मुलात हे आवरण कायमचे सैल राहू शकते. म्हणून शंट नीट चालू असतानाचा त्याच मुलाचा आकडा हाताशी नसेल, तर नुसत्या आजच्या आकड्यावरून फारसे काही ठरत नाही.

ब्राझीलचे भौतिकशास्त्रज्ञ सेर्जिओ मास्करेन्यास यांना स्वतःलाच डोक्यात पाणी होऊन शंट बसवावा लागला. त्यानंतर त्यांनी बंद कवटीही दाबाने किंचित प्रसरण पावते हे दाखवले आणि ते टिपणारा पट्टा तयार झाला. त्यातून दाबाच्या लहरीचा आकार दिसतो, थेट आकडा मिळत नाही. खात्रीचा आकडा अजूनही कवटीच्या आत बसवलेल्या उपकरणातूनच मिळतो. बाहेरच्या तपासणीने संशय बळावतो. लक्षणे असताना ती 'ठीक' आली म्हणून संशय संपत नाही.

"स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे शंट चालू आहे."

छापील अहवालावर विश्वास बसतोच. मात्र काही मुलांच्या मेंदूतील पोकळ्या ताठर झालेल्या असतात. शंट बंद पडला तरी त्या रुंदावत नाहीत. अशा वेळी जुन्या स्कॅनशी तुलना केल्याशिवाय नवा स्कॅन अपुराच वाचला जातो.

"कानामागची गोळी दाबून बघितली की समजते."

नाही. ही गोळी म्हणजे शंटची झडपच, आणि चालू शंटची झडपही कधी हळू भरते आणि बिघडलेल्याची कधी चटकन. घरी ती दाबत बसू नये.

"सकाळची उलटी म्हणजे पित्तच."

बहुतेक मुलांत उलटीचे कारण पोटच असते, म्हणून हा समज टिकून आहे. पण रात्रभर आडवे झोपल्याने डोक्यातील दाब वाढतो, त्यामुळे शंट तुंबल्यावरची डोकेदुखी आणि उलटी बऱ्याचदा सकाळीच गाठते. जोडीला पेंग, चिडचिड किंवा खाली ओढलेली नजर असेल, तर पित्ताचे औषध देऊन वाट पाहण्यात वेळ घालवू नये. जुने स्कॅन आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत कायम तयार ठेवावे आणि न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयाकडे त्याच दिवशी निघावे; मूल हाक मारूनही नीट जागे होत नसेल, तर 108 ला फोन करावा.