किडनी बसली, पुढे काय?

किडनी प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्रांच्या जाहिरातींत पहिल्या वर्षाच्या यशाची टक्केवारी ठळक अक्षरांत असते. ती बहुधा खरीही असते. नात्यातल्या जिवंत दात्याची किडनी चांगल्या केंद्रात बसवली, तर वर्षअखेरीस शंभरातल्या पंचाण्णवांच्या आसपास किडन्या काम करत असतात. मेंदूमृत दात्याच्या बाबतीत थोड्या कमी. पण वर्षभरापुरती किडनी कोण घेतं? पहिल्या वर्षाचा निकाल मुख्यतः सर्जनच्या हाताचा आणि आयसीयूचा. दहाव्या वर्षाचा निकाल घरातल्या मिळकतीवर, औषधाच्या वेळांवर आणि गल्लीतल्या केमिस्टवरही ठरतो.

सुरुवातच पाहा. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. भाऊ एकरूप जुळे, म्हणून शरीराने ती परकी मानली नाही. रिचर्डने लग्न केलं, मुलं झाली, आणि आठ वर्षांनी तो गेला. मूळचा विकार नव्या किडनीतही उद्भवला होता. दाता रोनाल्ड मात्र २०१० पर्यंत, ७९ वर्षांचा होईपर्यंत जगला. आपल्याकडे पहिला प्रयत्न १९६५ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये झाला. तो रुग्ण वाचला नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला १९७१ मध्ये यश आलं.

१९८० च्या दशकात प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन आलं, पुढच्या दशकात टॅक्रोलिमस, आणि पहिल्या वर्षीची रिजेक्शनं, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचे प्रकार, झपाट्याने कमी झाली. लांब पल्ल्याचं आयुष्य मात्र त्या वेगाने वाढलं नाही. गंमत अशी, की किडनीला वाचवणारी ही दोन्ही औषधं दीर्घकाळात किडनीलाच थोडा थोडा अपाय करतात. शिवाय मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार पाठी लागतात. कित्येक रुग्ण किडनी उत्तम चालू असतानाच हृदयविकाराने जातात.

तरीही डायलिसिसच्या तुलनेत पारडं प्रत्यारोपणाकडेच झुकतं. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात प्रत्यारोपण झालेल्यांची तुलना प्रतीक्षायादीतल्या रुग्णांशी केली होती. पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका प्रत्यारोपण झालेल्यांना जवळजवळ तिप्पट निघाला. दीड वर्षानंतर तो यादीतल्यांच्या एक तृतीयांशावर आला होता. म्हणजे आधी जोखीम घ्यायची आणि फळाची वाट पाहायची.

शस्त्रक्रियेचे म्हणून जे त्रास असतात, ते बहुतेक सुरुवातीलाच दिसतात: लघवीची गळती, मूत्रवाहिनी अरुंद होणं, किडनीभोवती लसीकाद्रव साठणं. मूत्रवाहिनीत ठेवलेला डीजे स्टेंट काही आठवड्यांत दुर्बिणीने काढायचा असतो.

भारतातली खरी परीक्षा मात्र क्षयरोगाची. प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली, आणि जंतू तर आजूबाजूला आहेतच. निदान झालं की पेच पडतो. क्षयावरचं हुकमी औषध रिफाम्पिसिन यकृतातली विकरं इतकी चेतवतं, की टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी (रुग्णांच्या बोलीत ‘लेव्हल’) घसरते आणि रिजेक्शनचं दार उघडतं. मग टॅक्रोलिमसचा डोस कित्येक पटींनी वाढवायचा, नाहीतर रिफाम्पिसिन टाळून उपचार लांबवायचा. उलट टोकाला बुरशीवरची काही औषधं, क्लॅरिथ्रोमायसिन, इतकंच काय पपनससुद्धा ही पातळी वाढवू शकतं. अंगदुखीसाठी केमिस्टने सहज दिलेली गोळी तर थेट किडनीवर घाव घालू शकते. म्हणून किडनीचं काम सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा घरातल्या पोरासोरांनाही पाठ असतो, आणि असावाच. पण हा आकडा वाढेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असू शकतं. ‘बरं वाटतंय’ म्हणून परस्पर गोळ्या कमी करणाऱ्याला ते फार उशिरा कळतं. पैशांअभावी गोळ्या तोडणाऱ्याला बेफिकीर म्हणणं मला पटत नाही. शस्त्रक्रियेसाठी वर्गणी जमते, मदतनिधी मिळतो; सातव्या वर्षीच्या टॅक्रोलिमससाठी कोण वर्गणी काढतं?

आता दात्याकडे वळू. मेंदूमृत दात्यांची वाट मोकळी करणारा मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा महाराष्ट्र आणि गोव्यात ४ फेब्रुवारी १९९५ पासून, म्हणजे पहिल्याच फेरीत लागू झाला. तरी देशातली बहुतांश प्रत्यारोपणं आजही जिवंत दात्यांवरच चालतात, आणि त्या दात्यांत आई नि बायको यांचीच संख्या मोठी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांचा त्रास घटला. दात्याचा मृत्यू दहा हजारांत तिनेक इतका विरळ. दात्याची किडनी पुढे निकामी होण्याची शक्यता तितक्याच निरोगी माणसापेक्षा थोडी वाढते, पण सर्वसाधारण लोकांपेक्षा ती कमीच राहते. हे दिलासादायक आहे, मात्र वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासलं तरच. आपल्या घरांत नवऱ्याचा फॉलोअप चुकत नाही. फाइल सांभाळत सोबत आलेल्या बायकोचा रक्तदाब त्याच फेरीत मोजला जातोच असं नाही.

अमेरिकेत प्रत्येक केंद्राचे निकाल दर सहा महिन्यांनी नावानिशी जाहीर होतात, आणि दात्याची दोन वर्षांपर्यंतची माहिती देणं केंद्रावर बंधनकारक असतं. आपल्याकडे बातमी होते ती यंदा किती प्रत्यारोपणं झाली याची. केंद्र निवडताना कुटुंबाने पाचव्या आणि दहाव्या वर्षाचे आकडे मागावेत, आणि दात्याच्या तपासणीची तारीख रुग्णाच्याच कार्डावर लिहून घ्यावी.