गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी महिलेची संमती : कायदा काय सांगतो?

गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयात संमतिपत्रावर सही घेतली जाते. मात्र पुरेशी माहिती न देता घेतलेली सही ही खरी संमती ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या १६ जानेवारी २००८ च्या निकालाने स्पष्ट झाले आहे.

१९९५ मध्ये रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी गेलेल्या एका ४४ वर्षीय अविवाहित महिलेने दुर्बिणीद्वारे तपासणीस आणि गरज भासल्यास पोट उघडण्यास संमती दिली होती. भुलेच्या अमलाखाली असताना, केवळ आईच्या संमतीवर, तिचे गर्भाशय व बीजकोष काढण्यात आले. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे आणि सज्ञान, सक्षम रुग्णाच्या वतीने नातेवाईक संमती देऊ शकत नाहीत, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. विलंबामुळे रुग्णाच्या जीवितास किंवा आरोग्यास धोका असेल, तरच याला अपवाद आहे. डॉक्टरांचे शुल्क नामंजूर करून महिलेला २५ हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला.

प्रश्न एका महिलेपुरता नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांचा विषय २०१९ मध्ये चर्चेत आल्यावर महाराष्ट्र शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. कर्करोगाची भीती आणि खाडा झाल्यास बुडणारी मजुरी, ही कारणे पुढे आली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. ती तीन महिन्यांत लागू करावीत, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिले.

न्यायालयाच्या निकषांनुसार उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची माहिती रुग्णाला मिळणे आवश्यक आहे. त्यामुळे आजाराचे निदान कोणत्या तपासणीवर आधारित आहे, औषधे किंवा संप्रेरकयुक्त तांबीसारखा पर्याय आहे काय आणि बीजकोषही काढले जाणार काय, हे महिलेने सहीपूर्वी विचारावे. तरुण वयात दोन्ही बीजकोष काढल्यास लगेच रजोनिवृत्ती येते. हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो.

तातडीचा प्रसंग नसल्यास विचारासाठी वेळ मागता येतो, दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्लाही घेता येतो. सज्ञान महिलेच्या निर्णयासाठी पतीची संमती कायद्याने बंधनकारक नाही.