उन्हाचे माप

उघड्यावर, भर उन्हात छायाचित्र घ्यायचे तर त्यात शिकण्यासारखे काय आहे, असे पुष्कळांना वाटते. कॅमेरा उजेड स्वतःच मोजतो, मग आपण बटण तेवढे दाबावे. पण साध्या प्रकाशमापकाला एक खोड असते. समोर चुन्याची भिंत आहे की काळ्या पाषाणाचे देऊळ, हे त्याला उमगत नाही. त्याला कळतो तो फक्त परत आलेला उजेड. आणि जग सारे मध्यम करड्या रंगाचे, ही त्याची ठाम समजूत! म्हणून भिंत मळकी उतरते, देऊळ राख फासल्यासारखे. तेव्हा पांढऱ्यासाठी उजेड वाढवावा, काळ्यासाठी कमी करावा. ऐकायला हे उलटे वाटते खरे.

मापकावाचून चालणारा एक जुना आडाखा आहे. स्वच्छ ऊन असता भिंगाचे छिद्र एफ/१६ वर ठेवावे आणि फिल्मची संवेदनक्षमता १०० असेल तर पडदा १/१०० सेकंदाच्या आसपास उघडावा. ढगांनी सावल्या पुसल्या की एफ/८, म्हणजे चौपट उजेड.

असे आकडे पाठ असल्याचे मोल केवढे, ते १ नोव्हेंबर १९४१ रोजी दिसले. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत ॲन्सेल ॲडम्स मोटारीने परतत होते. हर्नांडेझ खेड्यावर चंद्र वर आला होता आणि दफनभूमीतले पांढरे क्रूस मावळतीच्या उन्हात उजळले होते. घाईत मापक सापडेना. पण चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला २५० कँडल, हे त्यांना ठाऊक होते. त्यावरून हिशेब करून त्यांनी एफ/३२ वर एक सेकंद पडदा उघडला. दुसरी निगेटिव्ह घेण्याआधीच क्रुसांवरचे ऊन गेले.

त्यांनी चंद्र सांभाळला आणि जमिनीला तोशीस लागू दिली. निगेटिव्हचा तो भाग विरळ राहिला. १९४८ साली रसायनाने तेवढाच दाट करावा लागला. डिजिटल कॅमेऱ्यातही पांढरा भाग एकदा फटफटीत झाला की त्यातला तपशील परत येत नाही. सावल्या मागाहून बऱ्याच उघडता येतात.

मग पांढऱ्यासाठी उजेड वाढवावा तरी किती? दोरीवर वाळणारे धोतर उन्हात तीनदा टिपा: मापक म्हणेल तसे, मग दुप्पट उजेडात, मग चौपट. धोतर पांढरे दिसून त्याच्या चुण्याही शाबूत राहतील, ते तुमच्या कॅमेऱ्याचे माप.