१८२ वर्षांनी नाव मिळालेला भुंगेरा

मुलांनो, नव्या प्राण्याचा शोध लागला असे आपण वाचतो, तेव्हा डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहते? घनदाट जंगल, खांद्यावर जाळे घेतलेला शास्त्रज्ञ आणि त्याच्या हाती अचानक लागलेला, कोणीही न पाहिलेला जीव! पण कधी कधी असेही घडते की, जीव सापडतो एका माणसाला आणि तो नवा आहे हे ओळखतो दुसराच माणूस, तेही पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी. अशाच एका भुंगेऱ्याची ही हकीकत आहे.

भुंगेरे तुम्ही पाहिलेच असतील. भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन कठीण झाकणे असतात. उडण्याचे नाजूक पंख त्यांच्याखाली घडी करून ठेवलेले असतात. बहुतेक भुंगेऱ्यांची झाकणे जवळजवळ सगळे पोट झाकतात. एका कुळात मात्र ती फार आखूड असतात, जणू अंगाला अपुरे पडलेले जाकीटच! या कुळाला शास्त्रज्ञ 'स्टॅफिलिनिडी' म्हणतात. या भुंगेऱ्यांचे लांबट पोट मागे उघडे राहते. डिवचले की त्यांतले पुष्कळ भुंगेरे विंचवासारखे शेपूट वर उचलतात, पण त्यांना नांगी नसते. कुजलेला पालापाचोळा, शेण, मेलेली जनावरे अशा ठिकाणी ते राहतात आणि अळ्या व बारीक किडे खातात. आपल्याकडे पावसाळ्यात दिव्याभोवती कधी कधी काळ्या-नारिंगी रंगाचा एक चिमुकला किडा येतो. तो पेडेरस, याच कुळातला. तो अंगावर बसला तर चिरडू नका. त्याच्या शरीरातील रसाने कातडीवर फोड येतात. फुंकर मारून त्याला उडवून द्यावे आणि ती जागा साबणाने धुवावी, हेच बरे.

या एका कुळात ६०,००० पेक्षा जास्त प्रजाती नोंदलेल्या आहेत. मग सांगा, हाती आलेला भुंगेरा नवा आहे की आधीच ओळखीचा, हे कसे ठरवायचे? नुसते बघून ते कळत नाही. खरी मेहनत इथेच असते.

आता आपण १८३२ सालात जाऊ. चार्ल्स डार्विन हा इंग्रज तरुण 'बीगल' नावाच्या जहाजातून जगाच्या सफरीवर निघाला होता. पुढे हाच डार्विन मोठा शास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाला. तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. भुंगेऱ्यांचे त्याला भारी वेड. शिकत असताना एकदा त्याच्या दोन्ही हातांत एकेक दुर्मीळ भुंगेरा होता. तेवढ्यात तिसरा दिसला. तो सुटू नये म्हणून या पठ्ठ्याने हातातला एक चक्क तोंडात टाकला! भुंगेऱ्याने जळजळीत रस सोडला. जीभ भाजली, तोंडातला भुंगेरा थुंकावा लागला आणि तिसराही निसटला. ही गोष्ट त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे.

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशात बाहिया ब्लांका नावाचे शहर आहे. १८३२ साली तेथे डार्विनने आखूड झाकणांचा एक भुंगेरा पकडला. तो इंग्लंडला पोहोचला आणि टाचणी टोचून संग्रहालयात ठेवला गेला. लंडनच्या त्या संग्रहालयात लक्षावधी कीटक आहेत. त्या गर्दीत हा नमुना कित्येक दशके हरवलेला होता. ('नमुना' हा शब्द तुमच्या उर्दूतलाच आहे, तेव्हा त्याचा अर्थ सांगायला नको.)

स्टायलियानोस चात्झिमानोलिस हे अमेरिकेतील एक प्राध्यापक. याच कुळातील भुंगेऱ्यांचा ते अभ्यास करतात. त्यांनी लंडनच्या संग्रहालयातून अभ्यासासाठी काही नमुने मागवले. त्यांत हा भुंगेरा निघाला आणि त्याच्या चिठ्ठीवर डार्विनचे नाव होते! पण थोरामोठ्यांच्या नावाने भुंगेरा नवा ठरत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा जबडा, पाय, अंगावरची लव, पोटाचे वलयाकार भाग हे सारे तपासावे लागते आणि त्याच्या जवळच्या सर्व नोंदलेल्या प्रजातींशी ताडून पाहावे लागते. या भुंगेऱ्याच्या मिशा करवतीच्या दात्यांसारख्या होत्या. त्याचे वेगळेपण इतके होते की, नुसती प्रजाती नव्हे, तर तिच्यासाठी प्रजातीच करावी लागेल एवढ्यावरच काम भागले नाही. त्याहून मोठा गट, म्हणजे नवीन वंशच, मानावा लागला.

१२ फेब्रुवारी २०१४ या दिवशी त्याचे वर्णन 'झूकीज' या संशोधन पत्रिकेत छापून आले. तो डार्विनचा जन्मदिवस. नाव ठेवले 'डार्विनिलस सेडारिसी'. शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला वंशाचा, दुसरा प्रजातीचा. येथे पहिला भाग डार्विनवरून घेतला आहे. दुसरा घेतला आहे डेव्हिड सेडारिस या अमेरिकन विनोदी लेखकावरून, कारण त्यांच्या कथा प्राध्यापकांना फार आवडत. ज्या नमुन्यावरून वर्णन लिहिले जाते, तो कायम जपून ठेवतात. उद्या कोणाला शंका आली तर त्याच नमुन्याशी ताडून पाहायचे. डार्विनने पकडलेला तो भुंगेरा आता असा मूळ नमुना झाला आहे.

हे वर्णन छापले गेले तेव्हा या प्रजातीचे जगात दोनच नमुने माहीत होते. दुसरा बर्लिनच्या संग्रहालयात आहे. तो अर्जेंटिनातच, रिओ क्वार्तो येथे, १९३५ च्या आधी पकडलेला. दोन्ही मेलेले, टाचणीवरचे. डार्विनने पाहिलेला बाहिया ब्लांकाभोवतीचा माळ आता पुष्कळसा नांगराखाली गेला आहे. गवताच्या जागी पिके उभी आहेत. म्हणून ही प्रजाती नामशेष तर झाली नसेल ना, अशी भीती चात्झिमानोलिस यांनी बोलून दाखवली. मात्र एवढासा जीव शेतांच्या कडेला, एखाद्या न नांगरलेल्या तुकड्यात तग धरून असू शकतो. आता त्याचे वर्णन छापलेले आहे. कोणाला तो सापडलाच, तर त्याला ओळखण्यासाठी आणखी १८२ वर्षे लागणार नाहीत.