मिटलेलं घर आधी बघा

पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी दर सप्टेंबरात आरव्हींचं, म्हणजे फिरत्या घरांचं, मोठं प्रदर्शन भरतं. न्यू जर्सी किंवा फिलाडेल्फियाकडच्या मराठी घरांतून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढं ते जवळ आहे. मुलं मार्गी लागली, निवृत्ती दिसू लागली, आता हा देश सावकाश बघू, असं ठरवणाऱ्या जोडप्यांना तिथे जायचा मोह होणं स्वाभाविकच. मैदानातली प्रत्येक फिफ्थ-व्हील, म्हणजे पिकअप ट्रकला जोडून ओढायचं घर, पूर्ण उघडून ठेवलेली असते. भिंती बाहेर सरकवलेल्या, दिवे लावलेले, पलंगावर उशा मांडलेल्या. हातात मिळणारा प्लॅनचा कागदही उघडलेल्या घराचाच असतो.

पण हे घर प्रवासाच्या प्रत्येक दिवशी मिटतं, रस्त्यावर हादरतं, पाण्याने आणि सामानाने भरतं. तेव्हा आत राहणाऱ्या माणसाचं काय होईल हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं, आणि प्लॅन निवडायचा तो नेमका त्याच हिशेबाने.

फिफ्थ-व्हील हा ट्रेलरचाच प्रकार, पण तो गाडीच्या मागच्या बंपरपाशी अडकवत नाहीत. त्याचा पुढचा भाग पिकअप ट्रकच्या हौद्यावर येतो आणि त्याखालची जाड पोलादी खुंटी हौद्यात बसवलेल्या जोडणीत अडकते. कंटेनर ओढणाऱ्या ट्रकची जोडणी अशीच असते. भार ट्रकच्या मागच्या चाकांच्या वर पडत असल्यामुळे हे घर साध्या ट्रेलरइतकं हेलकावे खात नाही. विमानविद्येतले अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ नावाचा असाच ट्रेलर बाजारात आणला होता. जोडणीसाठी त्यांनी चक्क विमानाचा टायर आडवा बसवला होता. आज अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात तयार होतात, आणि तिथल्या कारखान्यांत आमिश कारागीर मोठ्या संख्येने काम करतात. कारखाने असे एकमेकांना लागून असल्यामुळे एकाचा खपलेला प्लॅन थोड्याच दिवसांत दुसऱ्याच्या यादीतही दिसतो. म्हणून आधी प्लॅन ठरवावा आणि कंपनी नंतर.

रस्त्यावर या घराची रुंदी साडेआठ फुटांपेक्षा जास्त असू शकत नाही. आतला ऐसपैसपणा येतो तो स्लाइडमुळे. मुक्कामाला पोचल्यावर बटण दाबलं की भिंतीचा एक तुकडा सोफा, टेबल किंवा फ्रिजसकट दोन-तीन फूट बाहेर सरकतो. समोरासमोर दोन स्लाइड असतील तर दिवाणखाना 13-14 फूट रुंद होतो. सध्याची सर्वांत आवडती मांडणी हीच आहे, आणि तिच्या मध्यभागी स्वयंपाकाचा सुटा ओटा असतो. तो दिसतो फार छान. मात्र दोन्ही स्लाइड आत घेतल्या की या ओट्याच्या दोन्ही बाजूंची वाट बुजते. फ्रिजचं दार उघडत नाही, आणि काही प्लॅनमध्ये संडासापर्यंतही पोचता येत नाही.

घर मिटलेलं असताना आत जायची वेळ वारंवार येते. हायवेवरच्या विश्रांतीच्या जागी जेवायला थांबता तेव्हा डबा फ्रिजमध्ये असतो, आणि शेजारी ट्रक उभे असल्यामुळे स्लाइड उघडायला जागा नसते. रात्री उशीर झाला म्हणून एखाद्या दुकानाच्या पार्किंगमध्ये परवानगीने गाडी लावता, तिथे भिंती बाहेर काढणं शिष्टाचाराला धरून नसतं. वादळी वाऱ्यात स्लाइड आत घेऊन बसावं लागतं. शिवाय स्लाइडची मोटर कधीतरी अडतेच. म्हणून विक्रेत्याला सगळ्या स्लाइड आत घ्यायला सांगा आणि मग आत शिरा. फ्रिज उघडतो का, संडासाचं दार उघडतं का, निदान एका माणसाला आडवं होता येतं का, एवढं बघा. विक्रेता कुरकुर करेल, त्याला करू द्या. मिटलेल्या अवस्थेत या तिन्ही गोष्टी जमत असतील तर तो प्लॅन माझ्या लेखी निम्मी परीक्षा पास झाला. पाच स्लाइडचं घर बघून हरखून जाण्यापेक्षा तीन स्लाइडचं, मिटूनही वापरता येणारं घर मला शहाणपणाचं वाटतं. प्रत्येक जास्तीची स्लाइड म्हणजे आणखी वजन, आणखी एक मोटर आणि पाणी झिरपायला आणखी एक फट.

आता जिना. ट्रकच्या हौद्यावर येणारा पुढचा भाग उंच असतो, त्यामुळे प्रत्येक फिफ्थ-व्हीलमध्ये आतच दोन-तीन पायऱ्या असतात. नेहमीच्या प्लॅनमध्ये पायऱ्या चढल्यावर न्हाणीघर आणि पलीकडे, पोटमाळ्यासारखी वर उचललेली, झोपायची खोली असते. खाली स्वयंपाकघर आणि दिवाणखाना. दोघांसाठी ही मांडणी उत्तम, कारण रात्री उठलं तरी संडास शेजारीच. पण पुण्या-नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील खालच्या सोफा-पलंगावर झोपणार असतील, तर रात्रीत दोन-तीन वेळा अंधारात त्या पायऱ्या त्यांनाच चढायच्या असतात, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी. खोलीत झोपलेल्या मुलासुनेची झोप मोडू नये म्हणून अनेकदा दिवा न लावता.

इथे प्लॅन बदलला की राहणंच बदलतं. काही मोठ्या फिफ्थ-व्हीलमध्ये दिवाणखाना पुढे, पायऱ्यांच्या वर नेलेला असतो आणि स्वयंपाकघर, न्हाणी, झोपायची खोली असं सगळं खालच्या पातळीवर येतं. पायऱ्या चढायच्या त्या फक्त संध्याकाळी टीव्हीसमोर बसण्यासाठी. गुडघ्यांचा त्रास सुरू झालेल्या जोडप्याला मी हाच प्लॅन आधी बघायला सांगेन. दुसरा उपाय म्हणजे मधल्या छोट्या खोलीचा प्लॅन, ज्यात खालीच एक बंद होणारी खोली आणि जवळ दुसरा छोटा संडास असतो. एरवी ती खोली ऑफिसच्या कामाला येते, पाहुणे आले की त्यांची होते. दुसऱ्या संडासासाठी मैल्याची वेगळी टाकी लागते, आणि ती रिकामी करायचं कामही वाढतं. तरीही आईवडिलांसाठी ही किंमत मोजावी. मागच्या बाजूला चार बंक असलेला प्लॅन मात्र शाळकरी मुलं असणाऱ्यांचा. मुलं कॉलेजात गेलेल्यांनी ‘नातवंडं येतील’ म्हणून तो घेऊ नये, कारण वर्षातले 50 आठवडे ते बंक खोकी ठेवायलाच वापरले जातात.

मागच्या टोकाला गॅरेज असलेली फिफ्थ-व्हीलही मिळते. मोटरसायकल चढवायला तिची मागची भिंत उतरंड होऊन खाली येते. मोटरसायकल नसेल तर तिच्याकडे वळायचं फारसं कारण नाही.

मागे काय आहे याला माझ्या मते फार महत्त्व द्यायला हवं. कॅम्पग्राउंडच्या बऱ्याच जागा अशा असतात की ट्रेलर मागे घेत आत लावायचा. म्हणजे रस्ता पुढे राहतो आणि झाडी, ओढा, तळं जे काही असेल ते घराच्या मागच्या अंगाला येतं. मागच्या भिंतीला रुंद खिडकी आणि तिच्यापाशी दोन खुर्च्या असतील तर ज्या दृश्यासाठी एवढं अंतर कापलं ते घरात बसून दिसतं. त्याच भिंतीवर टीव्ही आणि विजेची शेकोटी बसवलेली असेल तर दिसत नाही. बाजूच्या खिडक्यांचंही तसंच. अमेरिकेत दार उजव्या अंगाला असतं, सावलीचं छत आणि अंगण तिकडे. डाव्या खिडकीतून बहुधा आपलेच पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप आणि शेजाऱ्याचं अंगण दिसतं. जेवणाचं टेबल उजवीकडे आहे की डावीकडे, हे कागदावर क्षुल्लक वाटतं. तिथे रोज सकाळी चहा घेताना मात्र ते जाणवतं.

स्वयंपाकघर आपल्या लोकांनी जरा कडक नजरेने तपासावं, कारण या घरांची स्वयंपाकघरं फोडणीचा विचार करून बांधलेली नसतात. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर फेकतो की गाळून पुन्हा आतच सोडतो, ते विचारा. छतात उघडणारा झरोका ओट्याच्या जवळ हवा, नाहीतर मिरची तडतडली की धुराचा अलार्म वाजलाच म्हणून समजा. शेगडी झोपायच्या खोलीच्या पायऱ्यांशी असेल तर वास वर चढून पांघरुणात बसतो. या दृष्टीने मागच्या टोकाला स्वयंपाकघर असलेला प्लॅन चांगला. खिडक्या जास्त, ओटा लांब, वास माणसांपासून दूर. त्याची एक अडचण आहे. मागचं टोक चाकांच्याही मागे येतं आणि रस्त्यावर सर्वांत जास्त तेच आपटतं. काचेच्या बरण्या तिथे टिकत नाहीत. मिसळणाचा डबा झाकण घट्ट बसणारा आणि स्टीलचा हवा. अशा काही प्लॅनमध्ये स्वयंपाकघराच्या सांडपाण्याची टाकी वेगळी आणि तिचं तोंडही वेगळ्या जागी असतं, त्यामुळे रिकामं करताना पाइप दोनदा जोडावा लागतो. आपल्याकडे भांडी जास्त पडतात, तेव्हा ती टाकी किती मोठी आहे ते नक्की विचारा.

विजेचाही प्रश्न प्लॅनशी जोडलेला आहे. 30 अँपिअरच्या जोडणीतून फार तर 3,600 वॉट मिळतात. एसी चालू असताना त्यावर इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की वीज गेली. 50 अँपिअरच्या जोडणीत दोन तारांवरून मिळून 12,000 वॉट येतात. वर-खाली दोन एसी असलेल्या मोठ्या प्लॅनला 50 चीच जोडणी हवी. ॲरिझोनात क्वार्टझसाइटच्या आसपास सरकारी वाळवंटी जमिनीवर हिवाळा काढणाऱ्यांना मात्र बहुतेक ठिकाणी जोडणीच मिळत नाही. तिथे घरगुती मोठ्या फ्रिजपेक्षा गॅसवरही चालणारा छोटा फ्रिज आणि पाण्याची मोठी टाकी उपयोगाची.

पाणी म्हटलं की वजन आलं, आणि वजनाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. 60 गॅलनची टाकी भरली की 500 पौंड वाढतात. माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं असतं ते रिकाम्या ट्रेलरचं वजन. तुम्ही बघायचं ते भरून चालणारं कमाल वजन. समजा ते 14,000 पौंड आहे. फिफ्थ-व्हीलच्या वजनाचा साधारण 20 ते 25 टक्के भाग खुंटीवाटे ट्रकवर पडतो, म्हणजे इथे 2,800 ते 3,500 पौंड. ट्रक किती भार पेलू शकतो हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या लेबलवर छापलेलं असतं, आणि त्यातून माणसं, जोडणीचा सांगाडा आणि हौद्यातलं सामान वजा करायचं. साध्या अर्ध्या टनाच्या पिकअपला हा भार झेपत नाही, आणि डिझेल पाऊण-टनीलाही अनेकदा नाही. म्हणजे दिवाणखाना पुढे नेलेला, पाच स्लाइडचा प्लॅन निवडला की त्याच क्षणी एक-टनी ट्रकही निवडला जातो. ट्रक आधीच दारात असेल तर त्याच्या लेबलवरचा आकडा लिहून घेतल्याशिवाय एकही ट्रेलर बघायला जाऊ नका.

लांबीचाही हिशेब असाच पुढे जातो. राष्ट्रीय उद्यानांतली बरीच कॅम्पग्राउंड 1930 च्या दशकात किंवा 1956 ते 1966 च्या ‘मिशन 66’ योजनेत आखलेली आहेत, तेव्हाचे ट्रेलर छोटे होते. 42 फुटांचं घर तिथल्या अनेक जागांवर मावतच नाही आणि उद्यानाबाहेरच्या खासगी जागेत राहावं लागतं. घर बाहेर ठेवून ट्रकने फिरू म्हटलं, तर ग्लेशियर उद्यानातल्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या डोंगराळ टप्प्यात 21 फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट 8 फुटांपेक्षा रुंद गाडीला मनाई आहे, आणि मागे जोडचाकं असलेला लांब हौद्याचा एक-टनी ट्रक एकटाच ही मर्यादा ओलांडतो. वरच्या खोलीत ताठ उभं राहता यावं म्हणून उंचीही 13 फुटांपर्यंत जाते. न्यूयॉर्कहून बोस्टनकडे जाताना ओळखीचा मेरिट पार्कवे ट्रेलरला बंदच आहे. ज्यांचं मन राष्ट्रीय उद्यानांत आहे त्यांनी 30-32 फुटांच्या आत राहावं. एका जागी तीन-तीन महिने राहणाऱ्यांना लांबीची फिकीर कमी.

पसंत पडलेल्या घरात निदान तासभर राहा, दोघांनीही, आणि विक्रेत्याला बाहेर थांबायला सांगा. पलंगावर आडवे व्हा आणि आतल्या बाजूला झोपणाऱ्याला दुसऱ्याला न ओलांडता उठता येतं का बघा. न्हाणीत उभं राहून डोक्याला साबण लावल्यासारखे हात वर करा. पोळ्यांचं पोळपाट कुठे ठेवणार, कुकर कुठे, ओले टॉवेल कुठे, हे नुसतं बोलू नका, जागेवर हात ठेवून सांगा. शेवटी झोपायच्या खोलीतली लाल दांडीची खिडकी उघडा. आग लागली तर बाहेर पडायची दुसरी वाट तीच. फिफ्थ-व्हीलमध्ये ही खोली उंचावर असल्यामुळे त्या खिडकीपासून जमीन बरीच खाली असते. तिथून तुम्हाला उतरता येईल का, आजी त्या खोलीत झोपल्या असतील तर त्यांना कसं उतरवाल, दोर किंवा शिडी कुठे टांगाल, हे सही करण्याआधी ठरवा.